चितारआळीतून शाळेच्या मैदानाकडे

सावंतवाडीत वाढलेल्या मुलाला खेळणं कुठून येतं हे कुणी सांगावं लागत नसे. ते चितारआळीतून, म्हणजे लाकडी खेळणी करणाऱ्या कारागिरांच्या आळीतून यायचं. शाळा सुटल्यावर घरी जायला मोती तलावाच्या काठाची सरळ वाट असली तरी आम्ही मुद्दाम वाकडी वाट करून आळीत शिरायचो. दप्तर पाठीवर, पाय चिखलाने किंवा तांबड्या धुळीने माखलेले, आणि कुणाच्या तरी पडवीसमोर रांगेने उभे. पडव्यांत भोवरे, खुळखुळे, पांगुळगाडे, बैलगाड्या, लाकडी आंबे, केळी, सीताफळं मांडलेली असायची. रंगाचा आणि लाखेचा वास आळीच्या तोंडापासूनच यायला लागायचा. शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा असा निरोप आला तेव्हा मनात पहिल्यांदा उठला तो हाच वास. म्हणून अभ्यास, निकाल आणि बक्षिसं बाजूला ठेवून खेळण्यांवर आणि खेळांवरच लिहितो आहे. शाळेने मला जे दिलं त्यातला मोठा वाटा मैदानावर मिळाला, आणि मैदानावर जे होतं त्यातलं बरंचसं चितारआळीतून आलेलं होतं.

वर्गात आमच्यात दोन-तीन मुलं आळीतली होती. त्यातला एक माझ्याच बाकावर बसायचा. त्याच्या बोटांच्या पेरांवर कायम कुठला ना कुठला रंग असायचा, कधी पिवळा, कधी तांबडा. सुट्टीच्या दिवशी तो वडिलांच्या हाताखाली बसायचा आणि आम्ही त्याच्या पडवीत. त्याच्या वडिलांना आम्ही काका म्हणायचो. पडवीच्या एका कोपऱ्यात लेथ होता, लाकूड गरगर फिरवून तासायचं यंत्र, मोटरवर चालणारं. पट्ट्याचा आवाज एका लयीत सुरू असायचा आणि त्या आवाजातच काका आमच्याशी बोलायचे.

"लांब बसा रे झिलांनो, डोळ्यात भुसो जातलो."

आम्ही वीतभर मागे सरकायचो आणि थोड्या वेळाने पुन्हा तितकेच पुढे.

भोवरा कसा होतो ते मी तिथे इतक्या वेळा पाहिलं की आजही डोळ्यांसमोर आहे. लाकूड बहुतेक पांगाऱ्याचं. आमच्याकडे कुंपणाला आणि मिरीचे वेल चढवायला पांगारा लावतात. शिमग्याच्या आगेमागे त्याला पानं गळून नुसती लालभडक फुलं येतात. लाकूड हलकं आणि मऊ, म्हणून खेळण्यांच्या कामाला सोयीचं. ओंडके आधी सावलीत वाळवून ठेवलेले असत. ओलं लाकूड घेतलं तर पुढे चिरा पडतात, हे काकांचं पालुपद. वाळलेला तुकडा लेथवर चढला की प्रथम तो थरथरायचा, कारण वेडावाकडा असायचा. काका पटाशी टेकवायचे आणि लाकडाचे लांब लांब छिलके उडायला लागायचे. बघता बघता थरथर थांबायची. तुकडा गोल झाला की फिरतोय की उभा आहे हे कळायचंच नाही. मग वरचा फुगार भाग, मग खालचं निमुळतं टोक, मग दोरी अडकायला बारीक खाचा. हात थांबत नसे आणि मोजमापही काही नसे. डोळा हेच माप.

त्यानंतर रंग. आम्ही खरी वाट बघायचो ती याची. ब्रश नाही, डबा नाही. रंग घातलेल्या लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबून धरायची. घासण्याने ऊब निर्माण होते, त्या उबेने लाख वितळते आणि लाकडावर बसते. तांबडी कांडी टेकवली की एक तांबडं वर्तुळ उमटायचं, कांडी सरकवली की त्याचा पट्टा व्हायचा. त्याला लागून पिवळा, मग हिरवा. शेवटी केवड्याचं वाळलेलं पान फिरत्या भोवऱ्याला दाबून धरलं की मंद दिसणारी लाख चकाकायला लागायची. काका लेथ बंद करायचे, भोवरा उतरवून आमच्यापैकी कुणाच्या तरी हातात द्यायचे. तो अजून गरम असायचा.

खिळा ठोकायचं काम माझ्या मित्राकडे होतं. आम्ही त्या खिळ्याला आर म्हणायचो. खिळा नेमका मध्यावर बसला नाही तर भोवरा लडबडतो, उड्या मारतो, जमिनीवर ठरत नाही. मित्र डोकं उडवलेला खिळा ठोकून, दगडावर घासून, भोवरा स्वतः एकदा जमिनीवर टाकून बघायचा आणि तो फिरता भोवरा तळहातावर उचलून घ्यायचा. तळहाताला गुदगुल्या करत तो एका जागी थांबला तर पसंत. जरा जरी भटकला तरी आर पुन्हा काढायची. आठवी-नववीतला मुलगा आपल्या घरातल्या वस्तूबद्दल इतका काटेकोर असतो हे मी तिथे पाहिलं. गणिताच्या वहीत त्याची अक्षरं आडवीतिडवी असायची, पण त्याने ठोकलेली आर कधी तिरकी गेल्याचं मला आठवत नाही.

लाखेचे हे रंगीत भोवरे दिसायला देखणे, पण रिंगणातल्या लढाईला हलके पडायचे. त्यासाठी आम्ही पेरूची जाड फांदी घेऊन जायचो. पेरूचं लाकूड चिवट आणि जड. काका ती फांदी उलटसुलट करून बघायचे, "ह्येका दीस लागतले" म्हणायचे आणि ती वाळायला टाकायचे. त्या भोवऱ्याला रंग नसायचा. आपण आणलेल्या फांदीचा, आपल्यासमोर घडलेला भोवरा खिशात असणं ही वेगळीच ऐट होती.

मैदानावर मधल्या सुट्टीत काठीने रिंगण ओढायचं. दोरी आरेपासून वर गुंडाळत न्यायची, टोकाची गाठ बोटांत अडकवायची आणि झटक्याने भोवरा रिंगणात आपटायचा. ज्याचा भोवरा नीट फिरला नाही किंवा रिंगणात पडून राहिला त्याचा भोवरा मध्ये ठेवायचा आणि बाकीच्यांनी आपापल्या आरेने त्याला टोचायचं. त्या खड्ड्यांना आम्ही गुच्चे म्हणायचो. गुच्च्यांनी भरलेला भोवरा टाकून कुणी देत नसे. उलट तो बघून मैदानावरचा इतिहास कळायचा. हा गुच्चा अमक्याचा, हा तमक्याने गणपतीच्या सुट्टीआधी मारलेला. भोवरा फुटलाच तर संध्याकाळी आळीत जायचं. काका तो हातात घेऊन, चीर बघून, जमण्यासारखं असेल तर सरस लावून पुन्हा लेथवर चढवायचे आणि एक पातळ थर उतरवून द्यायचे. भोवरा जरा बारीक व्हायचा, पण आपलाच राहायचा.

तास सुरू झाल्यावर भोवरा खिशाबाहेर दिसला की तो जप्त होई. मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खालच्या खणात जप्त भोवऱ्यांचा ढीग असायचा. शनिवारी सकाळची शाळा सुटताना सर खण उघडायचे, एकेक भोवरा वर धरायचे आणि "हा कुणाचा?" विचारायचे. एवढ्या भोवऱ्यांत आपला लांबूनच ओळखू यायचा. भोवरा परत देताना सर त्याची आर अंगठ्याने चाचपून बघायचे. बोथट असेल तर तसं सांगायचेही. सरांना भोवऱ्यातलं कळतं ही बातमी आमच्या दृष्टीने फार मोलाची होती, आणि त्यानंतर इतिहासाच्या तासाला त्यांचं बोलणं आम्ही अधिक लक्ष देऊन ऐकायला लागलो.

प्रत्येक खेळाचा काळ ठरलेला होता. तो कुणी जाहीर करत नसे, पण एका आठवड्यात सगळ्या वाड्यांवर एकच खेळ सुरू झालेला असायचा. पाऊस संपून जमीन घट्ट झाली की भोवरे आणि गोट्या. थंडीत विटीदांडू आणि लगोरी. लगोरीला आमच्याकडे दगड शोधावे लागत नसत, जांभ्या चिऱ्याच्या कपच्या आणि फुटलेल्या मंगलोरी कौलांचे तुकडे हवे तेवढे पडलेले असायचे. चिऱ्याच्या कपच्या खरखरीत, त्यामुळे एकावर एक चांगल्या बसायच्या. कौलाचा तुकडा मुलींच्या ठिक्करीसाठी राखून ठेवायचा, कारण तो घासून गुळगुळीत होतो आणि एका पायाने सरकवायला हलका असतो. चेंडू बहुतेक वेळा चिंध्यांचा. क्रिकेटची बॅट म्हणजे माडाच्या चुडताचा, म्हणजे झावळीचा बुडखा, खाली रुंद आणि वर मुठीत मावेल असा तासलेला. सुपारीची विरी गळून पडली की तिच्या रुंद भागावर धाकट्या भावंडाला बसवायचं आणि शेंडा धरून अंगणभर ओढायचं. माडाच्या पातीचं घड्याळ, पातीची पिपाणी, फिरकी. यातलं काहीच विकत मिळत नव्हतं आणि ते विकत मिळावं असं कुणाला वाटतही नव्हतं.

काजूच्या बियांचा खेळ मात्र जरा सविस्तर सांगायला हवा, कारण घाटावरच्या मित्रांना तो माहीत नसतो आणि आता आपल्याकडच्या मुलांनाही सांगावा लागतो. फेब्रुवारीपासून काजू पिकायला लागतात. डोंगरउतारावर, वाटेच्या कडेला, कुणाच्या ना कुणाच्या मालकीची झाडं. खाली पडलेला बोंडू खायचा, त्याचा रस शर्टावर सांडला की डाग कधीच जात नाही हे आईकडून ऐकून घ्यायचं, आणि बी खिशात टाकायची. शाळेत येणाऱ्या प्रत्येक मुलाचा खिसा त्या दिवसांत जड असायचा. मैदानाच्या कडेला फणसाच्या सावलीत जमिनीवर रेघ ओढायची. प्रत्येकाने आपापल्या बिया त्या रेघेवर एका ओळीत उभ्या करायच्या. मग लांबून नेम धरून एक मोठी, टपोरी बी मारायची. जेवढ्या बिया ओळीबाहेर पडतील तेवढ्या मारणाऱ्याच्या. मारायची बी प्रत्येकाची खास. ती वर्षानुवर्षं जपलेली असायची, हाताच्या घामाने काळी तुळतुळीत झालेली, आणि ती कुणी डावावर लावत नसे.

या खेळात नेम तर लागायचाच, पण हिशेबही लागायचा. बिया म्हणजे पैसे होते. उभ्या बाजारातल्या दुकानात मूठभर बियांना लिमलेटच्या गोळ्या मिळायच्या, जास्त दिल्या तर पेन्सिल. म्हणून सगळं धन एकाच डावात लावायचं नाही, थोडं राखायचं, समोरच्याचा खिसा किती फुगलाय ते बघून ओळ किती लांब लावायची ते ठरवायचं. आमच्या गणिताच्या बाईंना हे ठाऊक होतं. व्याजाचं उदाहरण त्या फळ्यावर रुपयांत लिहायच्या आणि तोंडाने बियांत सांगायच्या. मागच्या बाकांवरूनही उत्तरं यायला लागायची. पुढे मी आयुष्यभर बँकेत काम केलं. व्याजाची पहिली खरी ओळख मला त्या बियांवर झाली.

जिंकलेल्या बिया भाजण्याचा कार्यक्रम परसात. पत्र्याच्या डब्यात बिया टाकून खाली पालापाचोळा पेटवायचा. टरफलातलं तेल पेट घेतं, धूर काळाकुट्ट होतो आणि ते तेल अंगावर उडालं तर कातडी सोलून निघते. म्हणून हे काम आजी स्वतः करायची आणि आम्हाला लांब उभं करायची. मग राखेत बिया लोळवून, दगडाने एकेक फोडून गर काढायचा. तो गरम, एका बाजूने जरा करपलेला गर मी पुढे कुठल्याही दुकानाच्या पाकिटात खाल्लेला नाही.

मग पाऊस. आंबोलीचा घाट उशाशी असल्यावर पाऊस कसा असेल ते सांगायला नको. आठ-आठ दिवस मैदानाचं तळं झालेलं असायचं. शाळेत मधली सुट्टी व्हरांड्यात, आणि घरी ओटीवर. मुली सागरगोटे काढायच्या. खरे सागरगोटे म्हणजे काटेरी वेलीच्या शेंगांतल्या करड्या, गोल, गुळगुळीत बिया. वर उडवलेली बी झेलताझेलता खालच्या उचलायच्या. माझी ताई त्यात इतकी तरबेज होती की खेळता खेळता तिची कविता पाठ व्हायची. तिच्याकडे चितारआळीतली भातुकली होती. जातं, उखळ-मुसळ, रवी, चूल, कळशी, पोळपाट-लाटणं, सगळं बोटभर उंचीचं आणि सगळं लाखेने रंगवलेलं. जात्याचा वरचा पाट खरंच फिरायचा आणि रवी डेऱ्यात खरंच घुसळता यायची. म्हणूनच ती भातुकली इतकी वर्षं टिकली. नुसतं दिसायला जातं असतं तर तिने दोन दिवसांत कोपऱ्यात टाकलं असतं. पुढे ते जातं तिच्या मुलीकडे गेलं, आणि आता नातीकडे आहे.

पावसातलं माझं खरं आकर्षण मात्र गंजिफा. हे पत्ते गोल असतात हे सांगितलं की बाहेरच्या माणसाला नवल वाटतं. आमच्या आजोबांकडे दशावतारी गंजिफेचा एक जुना संच होता, लाकडी पेटीत ठेवलेला. कापडाला चिंचोक्याची खळ लावून कडक करायचं, वर पांढरा लेप द्यायचा, गुळगुळीत दगडाने घोटायचं, हाताने चित्र काढायचं आणि वर लाखेचा थर, असे ते पत्ते. दहा अवतारांचे दहा रंग. प्रत्येक रंगात बारा पत्ते, त्यात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतचे दहा. एकूण १२० पत्ते. तिघांत वाटले की प्रत्येकाला ४०. गोल पत्ते हातात धरून पिसता येत नाहीत. आजोबा घोंगडीवर पांढरं धोतर अंथरायचे, पत्ते त्यावर पालथे पसरायचे आणि दोन्ही तळव्यांनी गोल गोल कालवायचे. त्या घोळण्याचा खसखस आवाज, बाहेर पागोळ्यांचा आवाज, आणि आजी कंदिलाची काच पुसत बसलेली.

खेळ दिवसा असेल तर ज्याच्याकडे राम त्याने उतारी करायची. दिवेलागणीनंतर कृष्णाचा मान. अर्ध्या अवतारांत दश्शी थोर, अर्ध्यांत एक्का थोर. सुरुवातीला माझा फार गोंधळ व्हायचा, पण आजोबा कधी रागावले नाहीत. गेलेला प्रत्येक पत्ता ध्यानात ठेवणं हाच या खेळाचा प्राण. कुणाच्या हातात आता काय उरलं असेल ते मनात मांडायचं. डाव मध्येच थांबवून आजोबा विचारायचे, "वराहाचे किती गेले?" बरोबर सांगितलं की ते काही बोलायचे नाहीत, फक्त पुढचं पान टाकायचे. तीच शाबासकी. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, परशुराम हा क्रम मला शाळेत कुणी शिकवायच्या आधी पत्त्यांनी शिकवला. आणि रात्री देवळासमोर दशावतारी नाटक बघायला बसलो की रंगमंचावर येणारा प्रत्येक जण माझ्या ओळखीचा असायचा.

पुढे कळलं की त्याच सुमाराला ही कला जवळपास संपत आली होती. पत्ते रंगवणारं वयोवृद्ध माणूस एखादंच उरलेलं. सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवींनी १९७० नंतरच्या त्या वर्षांत राजवाड्यातच कारागिरांना जागा दिली, जुन्या हाताकडून नव्या हातांना शिकवून घेतलं, राणीसाहेब स्वतःही शिकल्या. राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये गंजिफा रंगवणारे कलाकार आज पर्यटक बघतात ते त्या प्रयत्नांमुळे. शाळेची सहल म्हणून आम्हाला एकदा तिथे नेलं होतं. खाली बसून एक बाई केसासारख्या बारीक कुंचल्याने माशाचे खवले काढत होत्या. आम्ही श्वास रोखून उभे होतो. माझ्या बाकावरचा तो मित्र सगळ्यात पुढे उकिडवा बसला होता आणि त्याला तिथून उठवायला आमच्या वर्गाच्या बाईंना दोनदा हाक मारावी लागली.

जत्रांबद्दल लिहायचं तर एक वेगळी स्मरणिका लागेल. दिवाळीनंतर सोनुर्लीच्या माउलीपासून जत्रांचा हंगाम सुरू व्हायचा. खाजं, मालवणी भजी, आणि खेळण्यांच्या पथाऱ्या. चाकावर ठेवलेला मातीचा डमरू, जो ओढला की टमटम वाजतो. पत्र्याचा बेडूक. पाण्यात फटफटत जाणारी, आत वात पेटवायची पत्र्याची बोट. कागदी चक्रं. ही खेळणी शिमग्यापर्यंतही टिकत नसत, पण त्यांचं दुःख कुणी करत नसे, जत्रेतलं खेळणं जत्रेपुरतं. जत्रेहून आल्यावर मात्र आठवडाभर अंगणात दशावतार चालायचा. आईची साडी, सुपारीच्या विरीचा मुकुट, कोळशाच्या मिश्या. संकासुराचं काम मिळावं म्हणून भांडणं व्हायची, रामाचं काम कुणालाच नको असायचं.

आता शाळेच्या खेळाबद्दल. आमच्या वेळी पीटीचे जे सर होते त्यांनी खो-खोच्या बाबतीत एक गोष्ट केली, जिचं महत्त्व मला फार उशिरा उमगलं. आठ जण एका ओळीत आळीपाळीने तोंडं फिरवून बसायचे आणि नववा पाठलाग करायचा, ही नेहमीची पद्धत. पण कुठल्या जागी कोण बसेल ते ठरवताना सर वेगाने पळणाऱ्यांना खांबाजवळ आणि अडखळणाऱ्यांना मध्ये टाकून मोकळे होत नसत. ते दर आठवड्याला जागा बदलायचे. आमच्यात एक पायाने अधू मुलगा होता. त्याला पळता येत नव्हतं. सरांनी त्याला खांबाजवळ उभं केलं आणि मोठ्याने सांगितलं, हा आमचा डोळा. पळणारा कुठे वळणार ते तो ओरडून सांगायचा आणि त्याचं सांगणं क्वचितच चुकायचं. तालुक्याच्या सामन्यांना तो प्रत्येक वेळी आमच्याबरोबर यायचा, एसटीत सरांच्या शेजारी बसायचा. त्याच्याशिवाय संघ निघालाय असं कधी झालं नाही. अशी माणसं शाळेला लाभली म्हणून शाळा मोठी झाली, हे मला इथे नोंदवून ठेवायचं आहे.

१९८१ साली रत्नागिरीतून वेगळा होऊन सिंधुदुर्ग जिल्हा झाला. तोवर आमची तुकडी पांगली होती. कुणी मुंबईला, कुणी गोव्याला, कुणी परदेशात. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि मळगावच्या स्टेशनावर उतरून घरी येणं सोपं झालं. येणं वाढलं तसं चितारआळीकडे नव्याने बघणंही वाढलं. आळी अजून आहे, दुकानं आधीपेक्षा झगझगीत आहेत. लाकडी फळं सुंदर आहेत, इतकी की पाहुण्यांना खरी वाटतात. पण दुकानाच्या पुढच्या फळीवर आता शोभेच्या वस्तू जास्त आणि खेळायच्या कमी दिसतात. देवाच्या मूर्ती, घड्याळं, किल्ल्यांचे स्टँड. शेजारीच प्लास्टिकची, बॅटरीवर चालणारी, बाहेरून आलेली खेळणी, लाकडीच्या निम्म्या किमतीला. कारागिरांना दोष द्यायचा नाही. जे खपतं ते करावं लागतं, पांगाराही पूर्वीसारखा मिळत नाही, आणि दिवसभर लेथवर वाकून बसायला पुढची पिढी सहज तयार होत नाही. तयार व्हावं असं त्यांना आपण किती पैसे मोजतो, हाही प्रश्न आहेच.

काचेच्या कपाटातलं खेळणं बघून मला मात्र जरा वाईट वाटतं. भोवरा आपटायला केलेला असतो, त्याला गुच्चे पडायला हवेत. मागच्या मे महिन्यात नातवाला घेऊन आळीत गेलो. माझ्या मित्राचा मुलगा आता लेथवर बसतो. नातू दहा मिनिटं एक शब्द न बोलता लाखेची कांडी बघत राहिला. घरात मोबाइल मागणारा मुलगा हाच, यावर त्याच्या आईचा विश्वास बसेना. मित्र शेजारीच बसला होता. त्याने भोवरा जमिनीवर टाकून, तळहातावर उचलून बघितला, आर काढून पुन्हा ठोकली, आणि मग नातवाच्या हातात दिला. दोन दिवस नातवाला भोवरा फिरवता आला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी अंगणातून जी आरोळी आली ती शेजारच्या घरापर्यंत गेली.

या वर्षासाठी आमच्या तुकडीने एक ठरवलं आहे आणि ते सगळ्या माजी विद्यार्थ्यांना कळावं म्हणून इथे लिहितो. शाळेच्या क्रीडासाहित्याच्या खोलीत क्रिकेटच्या बॅटी आणि फुटबॉल आहेत, ते असावेतच. त्यांच्याबरोबर एका वर्गाला पुरतील एवढे भोवरे, विट्या-दांडू आणि सागरगोटे कायमचे असावेत, आणि भोवरे चितारआळीतच, दुकानात जी किंमत लागते ती पुरी मोजून करून घ्यावेत. फुटले की दुरुस्तीला तिथेच जातील. मित्राने त्याची जबाबदारी घेतली आहे. गणेशोत्सवाआधी शिक्षकांसाठी एक शनिवार ठेवायचा विचार आहे, कारण बऱ्याच तरुण शिक्षकांनी भोवऱ्याला दोरी गुंडाळलेली नाही. काजूच्या बियांचा खेळ आठवीच्या मुलांना मी स्वतः शिकवणार आहे, मुख्याध्यापक बाईंनी परवानगी दिली आहे. मारायची मोठी बी ज्याची त्याने घरून आणायची.

एक अडचण उरली आहे. गंजिफेचा नवा संच मिळेल, पण तो नीट खेळता येणारी माणसं आता मोजकीच आहेत. आजोबांनी शिकवलेलं मला बरंचसं आठवतं, तरी हिशेबाच्या काही बारकाव्यांना दुजोरा देणारं कुणी भेटत नाही. आपल्या घरात, शेजारात, माठेवाड्यात किंवा सालईवाड्यात, बांद्याला किंवा कुडाळला गंजिफा खेळलेलं कुणी वडीलधारं असेल तर कृपा करून शाळेच्या कार्यालयात कळवा. आम्ही त्यांच्या घरी येऊ, धोतर किंवा चादर आम्हीच आणू. तिसरा गडी हवा असेल तर मी आहेच.